तातारांचे अर्ज, आणि एक तुमचा

बाई, गेल्या रविवारी तुमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. तुम्ही असतात तर मागच्या रांगेत बसून मला कोपराने ढोसलं असतंत. रशियन भाषेच्या व्यासंगी अध्यापिका, शिस्तप्रिय, मनमिळाऊ, असं सगळं बोलून झालं. मनमिळाऊ! तुम्ही! निवृत्तीनंतरची सगळी वर्षं तुम्ही ज्या कामात घातलीत, त्याचं नाव एकाच वक्त्याने घेतलं, आणि तेही 'तार्तारी लोकांच्या कविता' असं. मला बोलायला उभं केलं तेव्हा मी म्हटलं, "त्या कविता नव्हत्या, अर्ज होते," आणि खाली बसले. लोकांना ते कोरडं वाटलं असावं. चहाच्या वेळी एका गृहस्थांनी विचारलं, "आपण सुलोचनाबाईंच्या कोण?" टायपिस्ट, असं सांगितलं.

घरी कसब्यात आले आणि ते उत्तर मला टोचत राहिलं. म्हणून लिहायला बसले आहे. जन्मभर मी दुसऱ्यांच्या वतीने लिहिलं, 'अर्जदार', 'निम्नस्वाक्षरीकार', 'सदर इसम' अशा नावांनी. माझ्या स्वतःच्या वतीने, एका माणसाला उद्देशून, एवढं लांब कधी लिहिलं नव्हतं. चुका झाल्या तर लाल पेनाने खुणा करायला तुम्ही नाही, हे ठाऊक आहे मला. तरी जपूनच लिहिते आहे.

तुम्हाला आपली पहिली भेट आठवत असेल. कचेरीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल होतं. समोर रेशनकार्डातल्या चुका, वारसाच्या नोंदी, जन्मतारखेचे घोळ घेऊन आलेली माणसं. तुम्ही रांगेत उभ्या राहिलात, तुमचा नंबर आल्यावर खुर्चीत बसलात आणि पिशवी मांडीवर घेऊन विचारलंत, "अर्ज तुम्हीच लिहिता का?"

"हो. कशाबद्दल आहे?"

"माझा नाही. तातारांचा आहे."

"आडनाव झालं. नाव सांगा."

तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की शेजारच्या टेबलावरचे स्टँपवाले काका वळून बघायला लागले. मला आधी रागच आला. मग तुम्ही मागच्या माणसाला हात जोडून "पाच मिनिटं हं" म्हणालात आणि पाच मिनिटांत मला ते सगळं सांगितलंत. रशियात व्होल्गा नदीच्या काठी तातार नावाचे मुसलमान शेतकरी राहत. झारच्या राज्यात त्यांच्यातल्या काहींच्या पूर्वजांना बापतिस्मा दिला गेला होता, कुणाला धाकदपटशाने, कुणाला कर माफ होईल म्हणून. चर्चच्या वहीत नावं चढली ती चढली. नातू-पणतू घरात नमाज पढत राहिले, पण वहीत ते ख्रिस्तीच. मुल्लाने लावलेलं लग्न सरकारला मान्य नाही, म्हणून मुलं अनौरस. आपल्या रिवाजाने मूठमाती द्यायची तर चोरून. आणि तो वहीतला धर्म सोडला म्हणावं, तर तो गुन्हा. म्हणून ते झारला अर्ज करत. गावंच्या गावं अर्ज करत. तुम्ही त्या अर्जांचं मराठी भाषांतर करत होतात आणि ते तुम्हाला साधत नव्हतं.

"माझ्या मराठीत ते अर्ज वाटत नाहीत," तुम्ही म्हणालात. "सोसायटीची नोटीस वाटते. मला तुमची भाषा पाहिजे."

मी म्हटलं, "आम्ही भाषा देत नाही, अर्ज देतो. पण गुरुवारी माझं टेबल बंद असतं."

त्यानंतरचे आपले गुरुवार मोजायला बसणार नाही. मी मंडईपाशी बस धरायची, कर्वेनगरला उतरून तुमच्या जिन्याची दोन मजल्यांची चढण चढायची. तुम्ही मूळ रशियन वाचायच्या, मग तुमच्या मराठीत सांगायच्या, मग मी म्हणायची, "असं कोणी लिहीत नाही." मग भांडण. मग चहा, जो तुम्हाला कधीच जमला नाही. एकदा तुम्ही मला येताना सांबार आणायला सांगितलंत आणि मी इमानदारीत मसाल्याचं पाकीट घेऊन आले. तुम्ही पाकिटाकडे बघत राहिलात. "अवो बाप्पा, कोथिंबीर!" तुमच्या वर्ध्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला साठीत कळलं. एरवी तुमचं मराठी आम्हा पेठेतल्या लोकांहून काटेकोर, पण राग आला, हसू आलं, की तिकडचं निसटायचं. मला ते फार आवडायचं. हे कधी बोलले नाही मी. पुण्यात असलं बोलून दाखवत नाहीत.

ते अर्ज तुम्ही तरुणपणी कझानला उतरवून घेतले होतेत. भाषा शिकायला वर्षभर तिथं होतात, आणि ज्या म्हाताऱ्या तातार बाईंच्या घरी खोली मिळाली होती, त्यांच्या आजोबांनी अशाच एका अर्जावर खूण केली होती. लिहिता येत नसे, म्हणून सहीच्या जागी घराण्याची खूण काढायची, कुणाची दाताळ्यासारखी, कुणाची पक्ष्याच्या पायासारखी. म्हातारी तुम्हाला म्हणाली होती, आमच्या घरात प्रत्येकाला दोन नावं असायची, एक वहीतलं आणि एक हाक मारायचं. ते ऐकून तुम्हाला रडू आलं आणि म्हातारीला काही कळेना, असं तुम्ही मला सांगितलंत. मलाही तेव्हा कळलं नव्हतं. मी विचारलं नाही. माझ्या धंद्यात माणूस स्वतः सांगेल तेवढंच ऐकायची सवय लागते, आणि त्या सवयीला मी सभ्यपणा समजत आले.

माझ्या हातून तुमचं एकच मोठं काम झालं, ते लिहून ठेवते, कारण शोकसभेत ते कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. एका गुरुवारी तुम्ही वेगवेगळ्या गावांचे पाच-सहा अर्ज एकामागून एक वाचून दाखवलेत. मी म्हटलं, "हे सगळे एकाच माणसाने लिहिलेत."

"कशावरून? गावं वेगळी, खुणा वेगळ्या."

"आधी म्हातारे येतात. प्रत्येकात. आमचे म्हातारे मरायला टेकलेत, त्यांना कुठं पुरायचं ते सांगा. मग लग्नं. मग मुलं. आणि कुठंही तो पाद्र्याला वाईट म्हणत नाही. म्हणतो, पाद्रीबाबांना लांबून यावं लागतं, त्यांचे हाल होतात. बाई, हा पक्का अर्जनवीस आहे. साहेबाला राग येऊ न देता साहेबाची अडचण करायची, ही आमची रीत."

तुम्ही उठून कपाटातून वह्या काढल्यात. संध्याकाळपर्यंत आपण दोघी जमिनीवर बसून कागद लावत होतो. कुठं त्याने तेच विशेषण वापरलं होतं, कुठं गावाचं नाव चुकीच्या जागी घुसलं होतं, म्हणजे आधीच्या अर्जावरून उतरवताना राहिलेलं. ती चूक बघून मला इतकं हसू आलं! असल्या चुका मी स्वतः केल्या आहेत. त्याचं नाव कुठंच नव्हतं. अर्ज लिहिणाऱ्याचं नसतंच. तुम्ही चष्मा काढून पदराने पुसलात आणि म्हणालात, "इतकी वर्षं मी हे वाचते आहे, शैलाबाई, आणि हा माणूस मला दिसला नव्हता." नंतर तुम्ही प्रस्तावनेत माझं नाव घातलंत. मी खोडलं. तुम्ही परत घातलंत. अजून तिथं आहे.

आपला वाद मात्र मिटला नाही. मी विचारायची, इतके अर्ज करून त्यांना मिळालं काय? बहुतेक फेटाळलेले. काहींना उलट चौकशी, काहींना हद्दपारी. शेवटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झारने मुभा दिली तीही राज्यात सगळीकडे गडबड उडाल्यावर, आणि तोवर खुणा करणारे कधीच मातीत गेलेले. मी म्हणायची, "बाई, मी आयुष्यभर हेच केलंय. अर्ज म्हणजे माणसाला रांगेत उभं करायची सोय. त्याला वाटतं आपण काहीतरी केलं, साहेबाला वाटतं हा आता महिनाभर येत नाही."

तुम्ही चिडायच्या. "तुम्ही फक्त वरचा साहेब बघता. खाली खुणा करताना ती माणसं एका खोलीत बसली होती, ते बघा. आधी प्रत्येकाला आपापल्या घरात वाटत असेल की हे आपल्या एकट्याचं दुखणं आहे. त्या दिवशी कळलं असेल की गावाचं आहे."

"कळून काय उपयोग?"

"काहून नाही उपयोग?"

इथं येऊन आपण थांबायचो. त्याच्यापुढे आपण कधीच गेलो नाही.

मग तो गेल्या वर्षीचा उन्हाळ्यातला गुरुवार. आता त्याच्याबद्दल लिहायचं आहे आणि मघापासून मी ते टाळते आहे.

तुम्ही टेबलावर एक पिवळा पडलेला कागद ठेवलात. मला वाटलं नवा अर्ज सापडला. तो तुमचा शाळा सोडल्याचा दाखला होता. नाव, जन्मतारीख, आणि धर्माच्या रकान्यात 'हिंदू', पुढे जात.

"मी बौद्ध आहे, शैलाबाई," तुम्ही म्हणालात. "जन्मापासून. मी व्हायच्या आधीच माझ्या वडिलांनी धम्म घेतला होता. शाळेत माझं नाव घालायला गेले तेव्हा हेडमास्तरांनी न विचारता पूर्वीचंच लिहिलं. बाबा दुरुस्त करा म्हणाले नाहीत. घरी येऊन आईला सांगितलं, सवलती पूर्वीच्या नोंदीवर आहेत, कागद राहू दे तसाच, पोरीचं शिक्षण होऊ दे. त्या कागदावर मी शिकले. त्या कागदावर नोकरी लागली. घरात वंदना, कागदावर दुसरंच. कझानच्या म्हातारीला मी काय सांगणार होते?"

मी कागदाकडे बघत होते. बाई, आता खरं सांगते. वाचताना माझी नजर जातीच्या शब्दावर अडखळली. क्षणभरच. मी कसब्यातल्या ज्या घरात वाढले, तिथं त्या शब्दाला एक वेगळा आवाज होता, कुजबुजीचा. मला वाटलं होतं तो माझ्यातून कधीच गेला. इतकी वर्षं तुमच्या ताटात जेवले, तुमच्या पलंगावर दुपारी आडवी झाले. तरी नजर अडखळली, आणि ती अडखळलेली तुम्ही पाहिलीत. तुम्ही जन्मभर अशा नजरा वाचत आला होतात, तुमच्यापासून ती लपणार कशी?

आणि त्यावर पांघरूण घालायला मी काय बोलले? "आता कशाला उकरून काढता, बाई? निवृत्त झालात. आता त्यातून काय मिळणार आहे?"

तुम्ही कागदाची घडी घातलीत. "त्या लोकांसमोर सैबेरिया होता, तरी त्यांनी मागितलं. मला कसली भीती होती?" असं स्वतःशीच म्हणालात. मग मला म्हणालात, "आज पुरे करू."

गुरुवारचं पक्कं करायला दर बुधवारी यायचा तो तुमचा फोन पुढच्या बुधवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मीही केला नाही. चार महिने गेले. गुरुवार आला की मी घर आवरायला काढायची. धुतलेले डबे परत धुवायची. मनात तुमच्याशी भांडायची, की मी काय चुकीचं बोलले, धंद्यातला सल्लाच दिला की नाही? आणि भांडता भांडता दर वेळी तीच अडखळलेली नजर आठवायची, मग भांडण संपायचं.

शेवटी मी मला येतं तेच केलं. तुमचा अर्ज टाइप केला. दाखल्यावरची जन्मतारीख लक्षात होती, शाळेचं नाव लक्षात होतं. बाकी जागा मोकळ्या ठेवल्या. तो कागद घेऊन, फोन न करता, तुमच्या दारात उभी राहिले. तुम्ही दार उघडलंत आणि म्हणालात, "काहून आल्या?"

मी कागद पुढे केला. तुम्ही दारातच उभ्या राहून वाचलात. पहिली ओळ वाचून म्हणालात, "'नम्र विनंती' काढा."

"अहो, तशी पद्धत असते."

"माझा धर्म आहे. विनंती कसली? आणि हे 'धर्मात बदल' कशाला? बदल केला बाबांनी, माझ्या जन्माआधी. माझी फक्त नोंद चुकली आहे. दुरुस्ती लिहा."

"दुरुस्ती लिहिते. पण नम्र राहू दे. बाई, तातारांचा अर्ज असता तर तुम्हीच मला ऐकवलं असतंत, वरच्या दोन ओळी वाकलेल्या असतात त्या खालच्या दहा ओळी ताठ उभ्या राहाव्यात म्हणून. प्रस्तावनेत तुम्हीच लिहिलंय. मी टाइप केलंय."

"हरामखोर," म्हणालात. तुमच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मग हसलात, दार पूर्ण उघडलंत, आणि तो तुमचा भयंकर चहा केलात.

मी त्या दिवशी माफी मागायला हवी होती. मागितली नाही. अर्ज हीच माफी, अशी मी माझी समजूत करून घेतली. तुम्हीही तशीच करून घेतली असेल, असं मला वाटतं. पण वाटण्यावर काही सिद्ध होत नाही, हे मी रोज लोकांना सांगत आले. म्हणून आता लिहून देते: बाई, चुकलं माझं. बोलण्यात चुकलं, आणि त्याच्या आधी नजरेत चुकलं.

'नम्र' ठेवलं. 'विनंती' काढून 'निवेदन' केलं. सही करायला तुम्ही पेन उचललंत आणि थांबलात. म्हणालात, "बाबा असायला पाहिजे होते." मग सही केलीत, पूर्ण नावाने, वडिलांच्या नावासकट. आपण दोघी जाऊन तो अर्ज देऊन आलो. पोच घेतली. येताना रिक्षात तुम्ही ती पोच पिशवीत न ठेवता हातातच धरली होतीत. वारज्याला राहणाऱ्या तुमच्या भाचीला, प्रज्ञाला, तुम्ही रिक्षातूनच फोन लावलात. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "मावशी, सीरियसली? एवढी वर्षं मला का नाही सांगितलंस? माझ्या दाखल्यावर तर बौद्धच आहे."

तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईने भांडून घेतलं होतं. मी नाही भांडले."

त्यानंतर दोन महिन्यांत तुमचं पोट दुखायला लागलं, आणि मग सगळं फार भराभर झालं. तपासण्या, शस्त्रक्रिया, पुन्हा दवाखाना. त्रुटीचं पत्र आलं तेव्हा तुम्ही खाटेवर होतात. मीच फोडून वाचलं. वडिलांनी धर्मांतर केल्याचा त्या वेळचा पुरावा जोडा, शाळेच्या मूळ नोंदवहीचा उतारा जोडा. ती शाळा केव्हाच दुसऱ्या इमारतीत गेलेली, जुन्या वह्या पुरात भिजून गेलेल्या. मला रडू यायला लागलं. तुम्ही मात्र नाकातली नळी सांभाळत हसलात.

"शैलाबाई, तातारांनाही हेच विचारायचे. तुझा आजा मुसलमान होता याचा कागद दाखव. जमलं आपल्याला. आपला अर्ज खरा अर्ज झाला."

"उत्तर काय द्यायचं?"

"घ्या लिहून." तुम्ही डोळे मिटलेत. एकेक शब्द थांबून सांगत होतात. वडिलांनी धम्म घेतला तेव्हा ते पायी गेले होते. परत आल्यावर त्यांनी घरातले देव नदीत सोडले. आई रडली नाही, आजी रडली. दर पौर्णिमेला खीर होत असे. अर्जदाराचं लग्न झालं नाही, त्यामुळे लग्नाचा पुरावा देता येत नाही. अर्जदाराला आईवडिलांनी शिकवलेली वंदना अजून तोंडपाठ आहे, हवी तर म्हणून दाखवता येईल. मी लिहीत होते आणि माझ्या लक्षात आलं की तुम्ही म्हाताऱ्यांपासून सुरुवात केली होतीत.

ते उत्तर मी घरी नेऊन स्वच्छ टाइप केलं. मंगळवारी सकाळी सहीसाठी घेऊन निघाले. बसमध्ये होते तेव्हा प्रज्ञाचा फोन आला. नुसता तिचा श्वास येत राहिला. मी विचारलं, "गेल्या?" ती म्हणाली, "हो."

सही राहिली. अर्जदार हयात नसल्यास अर्ज आपोआप निकाली निघतो. हा नियम मी कितीतरी लोकांना सांगितला आहे, समोरच्याचा चेहरा न बघता. आता कळलं की तो सांगताना चेहरा बघायला हवा होता.

तुमच्या वह्या प्रज्ञाने माझ्याकडे दिल्यात. दोन अर्ज भाषांतराचे राहिलेत आणि मला रशियन येत नाही. कुणीतरी भेटेल. तुमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने शोकसभेत नंबर दिला आहे, अक्षर बरं आहे तिचं. बाकीचं मी रोज थोडं थोडं तपासते. तुमचं 'की' नेहमी ऱ्हस्व पडतं, ते दुरुस्त करते. तेवढ्यात तुमचा आवाज येईलसं वाटतं.

आता एकच सांगायचं आहे. ते तुम्हाला माहीत असणं शक्य नाही.

तुम्हाला घेऊन आम्ही स्मशानभूमीच्या कार्यालयापाशी पोचलो. खिडकीवर फॉर्म भरून द्यायचा होता. प्रज्ञाने मला पुढे केलं. आत एक मध्यमवयीन कारकून होता. त्याच्या मागे पंखा होता आणि कागदांवर स्टेपलर ठेवलेला होता. तो विचारत गेला आणि लिहीत गेला. मयताचं नाव. वय. पत्ता. मग त्याच सुरात म्हणाला, "धर्म?"

प्रज्ञाने माझ्याकडे बघितलं. माझ्या पिशवीत तुमचा तो दाखला होता, सही नसलेलं उत्तर होतं, त्रुटीचं पत्र होतं. हे सगळं दाखवावं लागेल असं समजून मी पिशवीत हात घातला.

"बौद्ध," मी म्हटलं.

त्याने लिहिलं. काही विचारलं नाही, मान वर केली नाही. पुढे म्हणाला, "मृत्यूची वेळ?"

माझा हात पिशवीतच राहिला. बाई, एवढंच होतं. ज्या शब्दासाठी तुम्ही साठ-पासष्ट वर्षं गप्प बसलात, ज्याच्यासाठी ती माणसं खोलीत जमून खुणा करत होती, तो त्याने बॉलपेनने एका दमात लिहून टाकला. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांपुढे खिडकी धूसर झाली.

त्याने फॉर्म फिरवून माझ्यापुढे सही करायला सरकवला. मी प्रत्येक रकाना वाचला. आयुष्यभराची सवय. आणि त्या रकान्यात त्याने लिहिलं होतं 'बौध्द'. ध अर्धा, द पूर्ण.

"साहेब, हे चुकलंय," मी म्हटलं.

"काय चुकलं? तुम्हीच सांगितलंत."

"अक्षर चुकलंय. आधी द, मग त्याला ध. बौद्ध."

"आजी, सगळे असंच लिहितात. मागे लोक थांबलेत."

मागे खरंच लोक थांबले होते. आणखी एक गाडी येऊन उभी होती. प्रज्ञा माझी बाही ओढत म्हणाली, "शैलाकाकू, इट्स ओके. असू दे."

"नाही असू देणार," मी म्हटलं. माझा आवाज चढला, तो मलाच ओळखू येईना. "त्या भाषेच्या शिक्षिका होत्या. हा शब्द त्यांच्या कागदावर पहिल्यांदाच लिहिला जातोय. नीट लिहा. मी इथून हलणार नाही."

त्याने तेव्हा पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग फॉर्म ओढून घेतला, लिहिलेल्या शब्दावर एक सरळ रेघ मारली, शेजारी सावकाश, शाळेतल्या मुलासारखं, द काढला, त्याला ध जोडला, आणि दुरुस्तीच्या शेजारी स्वतःची आद्याक्षरं घातली.

"बरोबर आहे का आता?" त्याने विचारलं.

मी बघितलं. बरोबर होतं, बाई. मी खाली सही केली.